पुलावरचा म्हातारा काय म्हणतो

...कॅसेटच्या खाचेच्या अगदी आत, सोनेरी पट्ट्यांच्या मधल्या एका फटीत, कापसाचा तंतू अडकलेला होता — पांढरा नाही, पिवळाही नाही, खूप धुतलेल्या कापडाला येतो तसल्या रंगाचा — आणि तो हलत होता. काउंटरवर सोल्डरिंगचा धूर उडवायला लावलेल्या छोट्या पंख्याचा वारा त्याला लागत असणार. कामिनी तो बघत राहिली. कॅसेट तिच्याच हातात होती. समोर दुकानवाला ऋषिकेश हात पुढे करून उभा होता, किती वेळचा कुणास ठाऊक.

"द्या न ताई. खाऊन नाही टाकत मी."

तिनं दिली.

सीताबर्डीतल्या एका आर्केडच्या तळघरात, मोबाइलच्या काचा बदलणाऱ्यांच्या रांगेत हे शेवटचं दुकान. जुने व्हिडिओ गेम, जुने टेपरेकॉर्डर, ज्यांचं आता कुणाला काही करायचं नसतं अशा वस्तू. इथं येणारे बहुतेक पुरुष असतात हे तिला आल्याबरोबर कळलं होतं, कारण ऋषिकेशनं पहिल्यांदा तिला विचारलं ते, "चार्जर का ताई?" आणि तिनं पर्समधून ते करड्या रंगाचं, हातात मावणारं जुनं यंत्र काढल्यावर तो खुशीत हसला होता. "माझ्याकडे लोक लपून येतात. घरी सांगतात, चार्जर आणायला चाललो. तुम्ही उघडपणे आल्या, बरं वाटलं."

यंत्रात घालायच्या, खेळ असलेल्या त्या डबीला बाबा कॅसेटच म्हणत. कॅसेट घाल, कॅसेट काढ, कॅसेट रुसली. कामठीच्या छावणीतल्या कुणा साहेबाची बदली झाली, तेव्हा त्यांनी घरचं सामान विकायला काढलं. लाकडी पलंग, कुंड्या, इस्त्री, आणि एका पुठ्ठ्याच्या खोक्यात हे. बाबा यंत्रमागाच्या कारखान्यातून सुटून सायकलवर तिथून येत होते. त्यांनी पलंग पाहिला, इस्त्री पाहिली, आणि हे घेऊन आले. कामिनी तेव्हा सातवीत. यंत्र सुरू झालं, छोट्याशा हिरवट पडद्यावर एक गाव दिसलं, विहीर, शेत, पूल, चौकोनी डोक्याची माणसं... आणि त्यातल्या एकाजवळ जाऊन बटण दाबल्यावर खाली एक चौकट उघडली, आणि चौकटीत जी अक्षरं उमटली ती मराठी नव्हती, हिंदी नव्हती, इंग्रजीही नव्हती.

"जपानी असन," बाबा म्हणाले. "ते लोक धागा बी लई बारीक काढतात." जणू त्यावरून भाषेचं सगळं समजलं. आणि मग, तिचा चेहरा पडलेला पाहून असेल, त्यांनी चष्मा नाकावर ओढला, पडदा डोळ्यांजवळ धरला आणि वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या माणसाला हळू बोलणं असं काही नसतंच. "हे म्हणून राहिले — पोरी, विहिरीचं पाणी खारं झालं, तिकडं जाऊ नको."

मी विश्वास ठेवला होता का? बारा वर्षांची होते. इतकी खुळी नव्हते. पण विश्वास ठेवणं न ठेवणं असा प्रश्नच तेव्हा नव्हता... ते वाचत आणि मी बटण दाबी. विहिरीवरची बाई चहाड्या सांगे. सरपंच नुसता खोकत असे. दुकानदार म्हणे, आज नगद उद्या उधार. खेळात काय करायचं असतं ते आम्हाला कधीच नीट उमगलं नाही. बी पेरायचं, माणसांशी बोलायचं, पूल ओलांडून रानात जायचं, परत यायचं, एवढंच. खेळातल्या आपल्या माणसाचं नाव घालायचं होतं तिथं बाबांनी अक्षरं वाचून नव्हे, बघून निवडली होती — एक त्यांना मागातल्या धोट्यासारखं दिसलं, एक उघड्या कात्रीसारखं, आणि तिसरं तिच्यासाठी, "हे तू, वेणी घातलेली."

कॅसेटच्या पोटात एक बारकी बॅटरी असते, तिच्यावर त्या गावाची आठवण टिकते, हे तिला बाबा गेल्यावर कळलं. दिवसांचं सगळं आटोपल्यावर तिनं एका दुपारी कपाटातून यंत्र काढून सुरू केलं तर गाव नव्हतं. पेरलेलं नव्हतं. नुसतंच, नाव घाला. पुढं तर कॅसेटच धड सुरू होईना. दहादा काढा-घाला, तेव्हा एकदा. आणि एकदा तशी ती सुरू झाली, कामिनी गावातून चालत पुलापर्यंत गेली, पुलावर नेहमीचा तो काठीवाला म्हातारा उभा होता, तिनं बटण दाबलं, चौकट उघडली, अक्षरं एकेक करून उमटली... आणि बाबांचं वाक्य आलं नाही. बाकी सगळे बोलले होते. विहिरीवरची बाई, सरपंचाचा खोकला. म्हाताऱ्याचा आवाज आठवत होता, म्हणजे बाबा त्याच्यासाठी काढत तो, घशात जरा घरघर आणून. पण त्या आवाजातले शब्द नव्हते. जिथं शब्द असायचे तिथं नुसती जागा होती. पडदा गोठला आणि यंत्र बंद पडलं. ती तशीच बसून राहिली. आज हा, उद्या विहिरीवरची बाई, परवा...

पुन्हा पुन्हा त्या पुलावर गेलं तर एखादे वेळी येईल, असं तिला वाटत होतं. त्यासाठी ती बर्डीवर आली होती.

"गेली ही," ऋषिकेश म्हणाला. त्यानं कॅसेट दिव्याखाली तिरपी धरली होती. "आतली बॅटरी बदलून देतो म्हटलं असतं, पण बोर्डच गंजला. थांबा, साफ करून पाहतो एकदा." आणि तिनं नको म्हणायच्या आत त्यानं कापसाच्या काडीला स्पिरिट लावून खाचेत एका बाजूनं दुसरीकडे फिरवली, सराईतपणे, मग तोंडाजवळ नेऊन जोरात फुंकर मारली. बाबाही अशीच मारत. कारखान्यातून आल्या आल्या, अंगावरची रुई न झटकता. काडीचं टोक काळं झालं होतं. त्यानं ती काउंटरखालच्या डब्यात टाकली, आणि डब्यात आधीच तसल्या कितीतरी काड्या होत्या.

तंतू गेला. कामिनीनं डब्यात वाकून पाहिलं.

"तर पहा," त्यानं काचेवर दोन नव्या कॅसेटी मांडल्या, एक काळी, एक पारदर्शक निळी. "ह्या फ्लॅश कार्ट्रिज. मेमरी कार्डावर गेम टाकायचे, कार्ड यात, कॅसेट तुमच्या यंत्रात. शेकडो गेम एकाच कॅसेटीत. काळी चांगली आहे, जिथं सोडलं ते आपणच लिहून ठेवते. पण निळीच्या तिप्पट पैसे. निळी स्वस्तातली. काम तेच करते, फक्त एक नखरा आहे. खेळ झाला की धाडकन बंद नाही करायचं. आधी मागे यायचं, मेन्यूत. मग ती कार्डावर उतरवते. विसरल्या तर मग सगळं विसरलंच समजा."

"आणि लक्षात ठेवलं तर?"

"मग काय, राहते." तो हसला. "सच सांगू का? एकच गेम खेळायचा असेल तर काळी घेऊ नका. माझंच नुकसान करून सांगून राहिलो. निळी न्या, सवय होऊन जाते."

तिला निळी आवडली, हे विचित्र होतं. निघताना जरा थांबावं लागतं, मागं वळून यावं लागतं, ही अट आवडली. आयसीयूत बाबांजवळ उभी असताना नर्स म्हणाली होती, ताई वेळ संपली, चला. आणि ती चटकन निघाली होती, शहाण्यासारखी.

"अन् गेम हाच न?" त्यानं लॅपटॉप पुढे ओढला. "याची इंग्रजी कॉपी आहे बरं का. शौकीन लोकांनी बसून अख्खं भाषांतर केलं. जपानी काय कामाची तुम्हाला? इंग्रजीच टाकतो."

म्हणजे तो म्हातारा खरोखर काय म्हणतो ते कळलं असतं.

हा विचार तिच्या डोक्यात आलाच नव्हता, आणि आता आला तो सरळ आत येऊन बसला. ती आयुष्यभर वाचत आली होती. भाषांतर आवडलं की मूळ शोधणारी, दोन्ही शेजारी ठेवून ओळ ओळ ताडून बघणारी. मग इथं काहून नको? त्या माणसांना त्यांचं स्वतःचं बोलणं होतंच की सगळी वर्षं. सरपंच खोकत नसेलही. विहिरीवरची बाई कदाचित फार दुःखी असेल आणि आम्ही तिला चहाडखोर करून ठेवलं... आणि म्हाताऱ्याचं खरं वाक्य त्या रिकाम्या जागेत नीट बसलं असतं. जागा भरली असती. मग बाबांचं आलंच कधी तर कुठं बसलं असतं?

"टाकू?"

"टा—" ती म्हणाली, आणि फोन वाजला. आई.

"काहून वं, कुठं आहेस?"

"बर्डीवर."

"मंग मायासाठी पायमोजे आन. जाडवाले. काल तुया बाबाचे घातले तर बोटं बाहेर येऊन राहिले. मानूस गेला पन त्याच्या मोज्याची भोकं हाएतच."

"आणते. आई... एक विचारू? तो गेम होता न, बाबा मला वाचून दाखवायचे. त्यातला पुलावरचा म्हातारा. काठीवाला. बाबा त्याचं काय वाचायचे ग?"

"वाचत कुठं होते? त्यायले जपानी येत होतं काय?"

"तसं नाही. पण म्हणायचे काहीतरी. दरवेळी तेच."

तिकडे काहीतरी निवडत असल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"थो म्हातारा तर मले बोले," आई म्हणाली.

"तुला?"

"हाव. आमची काई कटकट झाली, बोलनं बंद राह्यलं, की तुये बाबा तुले घेऊन बसत. अन् थो पुलावरचा आला की मोठ्यानं म्हनत. सैपाकघरात मले ऐकू जावं म्हनून. सरळ तोंडानं बोलाले लाज वाटे ना त्यायले."

"पण काय म्हणायचे?"

"आता ते..." मग आई हसली, अगदी बारीक, बाईनं पदरात हसावं तसं. "ते नाई बाप्पा ध्यानात. मी काय म्हनो ते सांगू? मी म्हनो, 'बसा मंग पुलावरच. पोळ्या झाल्या की आवाज देतो.' एवढं म्हटलं की मिटलं. एवढी पुस्तकं वाचली पोट्टीनं, अन् भर बर्डीवर म्हाताऱ्याचं विचारून राहिली! ये लौकर. जाडवाले आन."

आईनं फोन ठेवल्यावरही कामिनीनं आपला कानाशीच धरला होता. बसा मंग पुलावरच... हे वाक्य तिला पाठ होतं. स्वयंपाकघरातून येणारं, तव्याच्या मागून येणारं. तिला वाटायचं, आई सांगते आहे की अजून वेळ आहे, खेळा. ते त्या गावाच्या बाहेरचं बोलणं होतं, पडद्यावर न उमटणारं, म्हणून तिनं ते जपलं नव्हतं. आणि तेच राहिलं होतं. मधे ती बसलेली, हातात यंत्र, बटणावर अंगठा, आणि तिच्या डोक्यावरून ती दोघं... तिला जरा हेवा वाटला. मग तोही वाटेनासा झाला.

"ताई? इंग्रजी न?"

"जपानी."

"समजते तुम्हाला?"

"नाही."

ऋषिकेशनं एकदा तिच्याकडे पाहिलं. "बरं बावा. तुमचा शौक." आणि कार्ड काढून देताना म्हणाला, "तरी दोन्ही टाकून दिल्या. वरची जपानी, खालची इंग्रजी. जागा पडूनच होती."

मेट्रोच्या फलाटावर, बाकावर, हिवाळ्याचं दुपारचं ऊन गुडघ्यांपर्यंत आलेलं होतं. निळी कॅसेट खटकन बसली. यादीत दोन ओळी. तिनं वरची घेतली. नाव घाला... धोटा लगेच सापडला, कात्रीही. वेणीवालं अक्षर शोधायला वेळ लागला, तशी दोन दिसत होती, आणि तिनं त्यातलं एक अंदाजानं घेतलं. विहीर. बाई. सरपंच खोकला. पूल.

म्हातारा उभा होता. चौकट उघडली, अक्षरं एकेक करून उमटली आणि शेवटी तो छोटा त्रिकोण उघडझाप करू लागला: बटण दाबा, की पुढं जाऊ. तिनं अंगठा उचलून धरला. घशातली ती घरघर आली, तिच्या स्वतःच्या घशात, आणि पुढं काही आलं नाही. नाहीच आलं. पण सकाळपर्यंत जी नुसती रिकामी जागा होती तिच्या पलीकडच्या काठावर आता कुणीतरी होतं, पाठमोरं, तव्याशी, कान इकडे लावून.

"बसा मंग पुलावरच," कामिनी हळूच म्हणाली.

शेजारच्या बाईनं आपली पिशवी जवळ ओढून घेतली, "बसा ना, बसा," असं म्हणत तिला आणखी जागा करून दिली.

गाडी येत असल्याचं सांगणारा आवाज घुमला, लोक उठले, ती पण उठली, आणि पायमोजे राहिल्याचं तिला तेव्हा आठवलं. जाडवाले. यंत्र बंद करायचं तर आधी मागं यायला हवं होतं, मेन्यूत, मग कार्डावर... तिनं त्रिकोणाकडे पाहिलं. तो तसाच उघडत होता, मिटत होता, त्याला कसलीच घाई नव्हती. तिनं यंत्र सुरूच ठेवून पर्समध्ये रुमालावर आडवं केलं, चेन पूर्ण लावली नाही, आणि जिन्याकडे निघाली — बर्डीत परत, आईच्या पायाचा नंबर काय असेल ते आठवत. आणि तो आपल्याला माहीतच नाही, कधी विचारलाच नाही, असं वाटत असताना पर्स तिनं नकळत दोन्ही हातांनी धरली होती, आत कुणी बसलेलं असावं तशी.