नाण्याएवढी फट

यंत्राने तिसऱ्या दिवशीही धूर काढला, आणि म्हाताऱ्या मिस्त्रीने दोष लाकडाला दिला.

"ओलं आहे."

"दोन उन्हाळे खाल्लेलं लाकूड ओलं कसं, मामंजी?" सून म्हणाली. नवऱ्याला लाकडाची धूळ सोसेना म्हणून तो शेतात गेला होता, आणि त्याच्या जागी सहा वर्षे ही करवत धरत होती.

बाहेरचा कोरडा वारा नांगरलेल्या रानाची माती उचलून दुकानात आणून टाकत होता. शाळेच्या बत्तीस चौकटींची लाकडे भिंतीशी रचलेली होती. टोकांची कुसू, म्हणजे खाचेत शिरणाऱ्या जिभा, पाडून तयार, पण त्या बसायला खाच एकही नाही. हाताने खाच पाडायची तर पटाशीवर हातोडा नेमका बसावा लागतो, आणि मिस्त्रीचा हात दोन वर्षांपासून थरथरत होता. त्याची अडचण ओळखून सरकारी खात्याने हे खाच पाडायचे यंत्र दिले, असा कुणाचा समज असेल तर तो सोडावा. खात्याकडे वाटायला यंत्रे होती, म्हणून दिले. तज्ज्ञ आला, छायाचित्र निघाले, आणि माहितीपुस्तिका गहाळ होऊ नये म्हणून तज्ज्ञ ती परत घेऊन गेला. ज्ञान जपण्याची ही पद्धत त्या खात्यात फार जुनी आहे. आज दुपारी खात्याचे साहेब पाहणीला येणार होते. सरळ खाच पडली तर यंत्र राहणार. नाही तर ते गाडीत चढणार, आणि त्यामागोमाग मिस्त्रीची सुतारकीही.

यंत्र तसे साधे. चौकोनी पोकळ पटाशी आणि तिच्या पोटात फिरणारे गिरमिट. गिरमिट गोल भोक पाडते, पटाशी कोपरे तासते, आणि भुसा पटाशीच्या खिडकीतून बाहेर पडतो. इथे तो आतच दाटून जळत होता. पटाशीचे टोक निळे पडले होते.

शेजारचा लोहार दारात येऊन टेकला. "काय रे बिनफट, यंत्राला विडी ओढायला शिकवलीस का?"

गावाने हे नाव कौतुकानेच ठेवले होते. मिस्त्रीच्या सांध्यात केससुद्धा शिरत नसे.

"तू तुझा भाता फुंक," मिस्त्री म्हणाला.

सुनेने पटाशीशी नाक नेले. "हा वास मला ठाऊक आहे. बाबांच्या गिरणीत यायचा. दगडाला दगड भिडला की पीठ जळतं. गिरमिट किती वर चढवलंत?"

"जाईल तितकं. पटाशीला अगदी भिडवून. हलता कामा नये."

"तिथंच घासतंय मग. फट हवी."

"फट?" मिस्त्रीचा आवाज चढला. "जन्मभर फटी बुजवल्या मी. आता गिरणीवाल्याची पोर मला फट ठेवायला शिकवणार?"

ही चूक लोहाराने केली नसती, गवंड्यानेही नाही. ती करायला जन्मभर उत्तम सुतारच असावे लागते.

"नका ठेवू," ती शांतपणे म्हणाली. "दुपारी साहेबांना धूर दाखवू."

मिस्त्रीने लोहाराकडे पाहिले. लोहाराने पटाशीच्या निळ्या टोकाकडे बोट दाखवले. मिस्त्री बाजूला सरला.

तिने वीज तोडली, पटाशी उतरवून आत अडकलेला भुसा तारेने काढला. पटाशी पुन्हा चढवताना पटाशीचा खांदा आणि ती जिथे बसते ती यंत्राची बसणी यांच्यामध्ये एक नाणे अडकवले. गिरमिट वर भिडवून चावीने आवळले. मग नाणे काढून पटाशी तेवढीच वर सरकवली. आता गिरमिटाचे पाते पटाशीच्या टोकाखाली नाण्याच्या जाडीइतके उतरले होते.

दांडा ओढला. किंचाळी नाही, धूर नाही; खिडकीतून पांढरा भुसा भळभळा सांडू लागला. पण एकापुढे एक भोके पाडली तेव्हा खाचेच्या भिंती करवतीच्या दातांसारख्या निघाल्या. तिचा चेहरा उतरला.

मिस्त्रीने खाचेतून अंगठा फिरवला. "पटाशी तिरकी बघतेय. लाकूड टेकतं त्या मागच्या पट्टीला काटकोनी गुण्या लाव आणि पटाशीची सपाट बाजू त्याला मिळव. तिथं मात्र फट ठेवलीस तर बघ."

साहेब आले तेव्हा चौथी खाच चालू होती. त्यांनी वाकून पाहिले.

"इथे सैल दिसतंय. घट्ट करून घ्या."

"ते तसंच लागतं, साहेब," मिस्त्री म्हणाला. "मला सुनेनं शिकवलं."

"छान." साहेबांनी कागद काढला. "इथे सही करा."

मिस्त्रीने चष्मा चढवून वाचले. खात्याच्या तज्ज्ञाकडून आपण सात दिवसांचे संपूर्ण प्रशिक्षण घेतले, असे त्यात छापलेले होते.

"तज्ज्ञ तर तासभरसुद्धा नव्हता. इथं हिचं नाव लिहा."

"तसा रकाना नाही हो."

"मग यंत्रच हिच्या नावावर करा. चालवते ती."

"बाईंसाठी वेगळी योजना आहे. आधी हे यंत्र जमा होईल, मग नवा अर्ज. वर्ष-दीड वर्षात मिळूनही जातं." साहेब वाईट माणूस नव्हते. अशा ठिकाणी वाईट माणसाची गरजच नसते. छापील कागद पुरतो.

मिस्त्रीने बत्तीस चौकटींच्या लाकडांकडे पाहिले. मग लेखणी घेतली. हात इतका थरथरला की साहेबांनीच कागद दाबून धरला.

गाडीची धूळ खाली बसली. मग सून म्हणाली, "खोटं लिहून दिलंत, मामंजी."

"खरं लिहायला जागा ठेवली नव्हती त्यांनी." तो पुढच्या लाकडावर पेन्सिलीने खुणा करू लागला. रेघा वाकड्या येत होत्या. दोन वेळा त्याने त्या पुसल्या, आणि शेवटी पेन्सिल तिच्यापुढे धरली. "आखायचंही तूच. मी लाकूड धरतो."