लाइट बघण्यापुरता फोटो

लग्नाच्या हॉलमध्ये एक तरी बाई अशी असतेच, जिच्या मांडीवर चार जणींच्या पर्स असतात. या घरात ती बाई म्हणजे आत्या. स्टेजवर फोटोसाठी बोलावणं आलं की जो तो उठे आणि जाता जाता तिच्याकडे काहीतरी सोपवून जाई. पर्स, मोबाइल, चष्मा, एकदा तर झोपलेलं तान्हं बाळ. "आत्या, दोनच मिनिटं हं!" लग्न केलेलं नाही, म्हणजे हात मोकळे, असा सगळ्यांचा सोयीस्कर समज होता.

आज मात्र तिला एक फोटो हवा होता. एकच. ती आणि बबडी, दोघीच. बबडी म्हणजे नवरी, तिच्या भावाची मुलगी. वहिनीची नोकरी फिरतीची, म्हणून पोर आत्याकडेच वाढली. दुधाचे दात पडले ते आत्याच्या घरी, गणितात गटांगळी खाल्ली तीही आत्याच्याच घरी. आता उद्या ती नवऱ्याबरोबर विमानाने इतकी लांब जाणार होती, की परत कधी येशील हे विचारायचा आत्याला धीर होत नव्हता. कपाटावर ठेवायला एक फोटो असावा, एवढंच तिचं मागणं.

फोटोग्राफरला तिने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. "डोक्यात आहे ताई, काळजीच नको," तो म्हणाला होता. सकाळी हॉल रिकामा असताना त्यानेच तिला हाक मारली.

"ताई, जरा स्टेजवर उभ्या राहता? नवरीच्या जागी. लाइट बघायचाय."

आत्या उभी राहिली. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. "हसला नाहीत तरी चालेल, टेस्टच आहे," तो म्हणाला. तरी ती हसली.

थोड्या वेळाने तयारीच्या खोलीत बबडीचा धीर सुटला. मेकअपवाली चहा प्यायला गेली होती. "आत्या, मला नाही जायचं कुठे," म्हणत तिने रंगवलेल्या चेहऱ्याची पर्वा न करता आत्याच्या मांडीवर डोकं टाकलं आणि लहानपणी धरायची तसा तिचा अंगठा मुठीत धरून चक्क झोपून गेली. आत्याच्या पायाला मुंग्या आल्या, पण ती हलली नाही. मेकअपवाली परत येऊन ओरडली, तेव्हा कुठे दोघी उठल्या.

मग दिवसभर स्टेजपाशी रांग. नवऱ्याकडचे, ऑफिसातले, शाळेतले, भावाचे साहेब आणि साहेबांचे शेजारीपाजारी. फोटोग्राफर घामाघूम. आत्या दोनदा उठली, दोन्ही वेळा कुणीतरी हातात पर्स दिली. तिसऱ्यांदा सगळा पसारा खुर्चीवर टाकून ती स्टेजपर्यंत पोचली, तर नवरी कपडे बदलायला गेलेली आणि फोटोग्राफर जेवायला.

अल्बम महिन्याभराने आला. बबडीचा तिकडून फोन.

"आत्या, तू एकाही फोटोत कशी नाहीस गं? होतीस तरी कुठे?"

"होते की. पर्स सांभाळत होते."

बबडी खदखदून हसली. आत्याही हसली. फोन ठेवल्यावर मात्र तिला भरून आलं. कुणी ऐकायला नव्हतं, तरी ती मोठ्याने म्हणाली, "होते मी."

दुसऱ्या दिवशी तिने स्टुडिओ गाठला. फोटोग्राफरने सगळे फोटो धुंडाळले. एका फोटोच्या कडेला तिचं कोपर, दुसऱ्यात मांडीवरचा पर्सचा ढीग, बस्स. आणि ती सकाळची टेस्ट. एवढ्या मोठ्या स्टेजवर आत्या एकटीच, हाताची घडी घालून हसत उभी.

फोटोग्राफर खजील झाला. "माझंच चुकलं, ताई. थांबा, नवरीला आणून शेजारी उभी करतो. खुद्द नवरीलासुद्धा ओळखू येणार नाही."

त्याने नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकलेली बबडी शोधली. नवरा पुसला आणि त्या जागी आत्या बसवली. नको, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण पडद्यावर बबडी तिला टेकून हसत होती आणि ते बघून तिचा जीव विरघळला. "दोन प्रती काढा," ती म्हणाली.

एक प्रत कपाटावर गेली, दुसरी बबडीला. फोन आला की खरं काय ते सांगून टाकायचं, पोर हसेल, आपणही हसू, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

"आत्या, फोटो मिळाला! कसला गोड आलाय! मला आठवतंय ना हे!"

"काय आठवतंय?"

"अगं, तू स्टेजवर आलीस, मी तुला टेकले, तू कानात म्हणालीस, रडू नकोस, मेकअप जाईल. मी तर फ्रेम करून लावलाय. येईल त्याला हेच सांगते."

खरं काय ते सांगायचं आत्याने सोडून दिलं. तिने हळूच विचारलं, "आणि त्याच्या आधी? खोलीतलं?"

"खोलीतलं काय? तिथेही फोटो काढला होता का कुणी?"

"नाही गं. तिथे आपण दोघीच होतो."

"हो?" बबडी म्हणाली. "कधी?"