दुसऱ्या बटणावरची नजर

माणूस ओळखण्यात अमरनाथचा हात धरणारं कुणी नाही, असं तुळजापूरचं मत होतं की नाही कोण जाणे, पण अमरनाथचं नक्की होतं. देवळाच्या रस्त्यावर त्याचं ओटीच्या सामानाचं दुकान. सोलापूरची बस रिकामी झाली की तो बसल्या जागेवरून नजर फिरवायचा आणि बायकोला, महानंदाला, हळूच सांगायचा, "ती हिरव्या लुगड्याची घासाघीस करंल, पण घिऊन जाईल. त्यो चष्मेवाला नुसता भाव इचारंल." शंभरात नव्वद वेळा तसंच व्हायचं. उरलेल्या दहांची तो आठवण काढत नसे.

हीच नजर घेऊन चार वर्षांपूर्वी तो एका लग्नासाठी गोव्याला गेला आणि मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर पोकरच्या टेबलाशी चिकटला तो चिकटलाच. या खेळात पानांपेक्षा माणूस वाचावा लागतो. हातात राजा-राणी असताना चेहरा गरीब ठेवायचा आणि हातात काहीच नसताना असा आव आणायचा की समोरच्याने पानं टाकून द्यावीत. त्याला ब्लफ म्हणतात. अमरनाथला वाटलं, हे तर आपण रोज दुकानात करतो! तो जिंकायला लागला. कोण घाबरला की घोट गिळतो, कोणाचा पाय कधी हलतो, सगळं त्याला पाठ झालं. महिन्यातून दोनदा गोवा, मग चारदा. दुकान महानंदा एकटी ओढू लागली.

यंदा तिथे मोठी स्पर्धा होती. जिंकलो तर दुकान काढून टाकायचं, पणजीला खोली घ्यायची आणि कायमचं पोकरच खेळायचं, असं त्याने जाहीर करून टाकलं. तुझं काय, हे महानंदाला विचारायचं राहूनच गेलं.

"आन् हरलात तर?" तिने विचारलं.

"हरलो तर पुन्यांदा पत्त्याला हात लावणार न्हाय."

"आसं न्हाय. लिंग हातात घिऊन सांगा."

अमरनाथ लिंगायत. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग तळहातावर घेऊन दिलेला शब्द मोडणं त्याच्या घराण्यात कुणाला सुचलंसुद्धा नव्हतं. त्याने हसत हसत शब्द दिला. हरण्याचा विचार डोक्यात असता तर बाबा जरा अडखळला असता.

तीनशे खेळणाऱ्यांतून शेवटी दोघं उरले. एक अमरनाथ, दुसरे सोलापूरचे ठेकेदार आण्णासाहेब. तेही गोव्याचे जुने गिऱ्हाईक, आणि अमरनाथच्या दुकानाचेही. दर पौर्णिमेला देवीला यायचे, ओटी त्याच्याकडूनच घ्यायचे, महानंदाला वहिनी म्हणायचे. खेळायला मात्र भित्रे. जोरात रेटलं की पानं टाकणारच, हे अमरनाथला पक्कं ठाऊक होतं.

टेबलावर तीन बदाम उघडे पडले होते. अमरनाथच्या हातात दोन फुटकळ काळी पानं. पण आपल्याकडे आणखी दोन बदाम आहेत, पाच बदामांचा जबर हात जमला आहे, अशा थाटात त्याने पैशांच्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या चकत्या पुढे सरकवल्या. ना पापणी हलली, ना श्वास. आण्णासाहेबांनी स्वतःची पानं बघितली नाहीत. अमरनाथच्या चेहऱ्याकडेही बघितलं नाही. त्यांनी त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघितलं आणि ते शांतपणे म्हणाले, "बघतो." म्हणजे पैज कबूल, पानं उघडा.

त्यांच्याकडे नुसती सत्त्यांची जोडी होती. तेवढी पुरली.

घरी आल्यावर अमरनाथ दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी महानंदा भाकरी थापत होती, तिच्याजवळ जाऊन बसला. "त्यानं माझ्या छातीकडं का बघितलं असंल गं?"

"नवा शर्ट हुता की," ती म्हणाली. "आवडला असंल."

त्याला ते पटलं. माणूस ओळखणारा हा माणूस!

मग पौर्णिमा आली. दुपारी गर्दीतून वाट काढत आण्णासाहेब दुकानाशी आले. हातात साडीचा खोका. "आईनं जीत दिली," ते म्हणाले. "वहिनी, ही तुमच्यासाठी."

अमरनाथ जळफळला खरा, पण हसला. गिऱ्हाईकासमोर हसायची सवयच. मग त्याची नजर महानंदाकडे गेली. एरवी आण्णासाहेबांना दहा प्रश्न विचारणारी बाई मान वर करत नव्हती. तिने एक खण काढला, ठेवला, पुन्हा तोच काढला. नारळ तर द्यायचाच विसरली. साडीच्या खोक्याला तिने बोट लावलं नाही. टेबलावर त्याने अशी माणसं शेकड्याने बघितली होती. घरातलं माणूस आज पहिल्यांदा बघत होता.

आण्णासाहेब गेले. त्याने एवढंच विचारलं, "काय सांगितलंस त्यास्नी?"

ती लपवायला गेली नाही. "तुमी खोटं बोलता तवा तुमचा हात लिंगापाशी जातो. शर्टावरनं दाबता, माफी मागितल्यावानी. लगीन झाल्यापास्नं बघते. त्ये बी स्पर्धेला निगालं हुतं, मागल्या पुनवेला त्यास्नी त्येच सांगितलं."

आपला हात तिथे जातो हे अमरनाथला आज कळत होतं. चार वर्षं तो दुनियेचे पाय आणि घोट मोजत बसला होता.

"मला का न्हाय सांगितलंस?"

"तुमाला सांगितलं आसतं तर तुमी जितला आसता."

"त्या साडीसाठी?"

"साडीचं मला ठावं बी नव्हतं. एक पै घेतली न्हाय म्या. मला तुमी घरी पायजे हुता."

"म्हंजी फुकट दिलंस." त्याचा आवाज चिरकला. "इकलं आसतंस तर किंमत तरी कळली आसती मला!"

त्याला फार लागलं होतं. आण्णासाहेबांनी फसवलं असतं तर त्याने दोन शिव्या हासडून विषय संपवला असता. पण ज्या बाईसमोर चेहरा सांभाळायची गरज नाही असं तो वीस वर्षं समजत आला, तिनेच त्याला उघडं पाडून परक्याच्या हाती दिलं होतं.

"पुन्यांदा येळ आली तर करशील?"

महानंदाने सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. "करीन."

अमरनाथने तिचा चेहरा शोधून शोधून बघितला. कुठेतरी थोडी लाज, थोडी हळहळ सापडावी एवढीच त्याची इच्छा होती. ती खरं बोलत होती.

समोर बस लागली, माणसं उतरली. उठून गोव्याची गाडी धरावी असं त्याला मनापासून वाटलं, पण शब्द लिंगाला दिला होता, तिला नव्हता. तो मोडणं शक्य नव्हतं. एक म्हातारी दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. ही घेईल की नुसता भाव विचारेल, हे ऐकायला महानंदा सवयीने त्याच्याकडे वळली.

त्याने म्हातारीकडे बघितलंच नाही; तो नारळांची रास लावत बसला.