हिरव्या कॉलरचा कोट

मी एक जुना लोकरी कोट आहे. अंग राखाडी, कॉलर मात्र हिरव्या मखमलीची. सध्या माझा मुक्काम एका घरात, दाराशेजारच्या खुंटीवर असतो. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, कोटाला कसली आली भीती? त्याला ना परीक्षा, ना कुणाचा ओरडा. पण मी आयुष्यात फार भ्यालेलो आहे. कसा, ते सांगतो.

एका शिंपीणबाईंच्या मशीनवर माझा जन्म झाला. जुळ्या बहिणींसाठी एकाच कापडातून दोन कोट बेतायचे होते. बाईंनी खडूने रेघा मारल्या, कात्री चालवली आणि मग कपाळाला हात लावला. एका कॉलरपुरतं कापड कमी पडलं होतं. त्यांनी गाठोड्यातून हिरव्या मखमलीचा तुकडा शोधून काढला आणि चाचरत विचारलं, "हा लावला तर चालेल का गं कुणाला?"

दोघींपैकी एक टुणकन पुढे आली. "मला! मला लावा! म्हणजे लोकांना कळेल तरी, मी कोण ते."

ती धाकटी. तिच्या मागे गप्प उभी होती ती थोरली. जरा आधी जन्मली म्हणून थोरली, मागून आली म्हणून धाकटी. घरीदारी त्यांना याच नावांनी हाका मारत. चेहरे इतके सारखे की शेजारीच काय, त्यांचे बाबासुद्धा फसायचे. मी आलो आणि सगळ्यांची सोय झाली. लोक चेहरा बघायचं सोडून कॉलर बघू लागले. हिरवी कॉलर म्हणजे धाकटी, साधी कॉलर म्हणजे थोरली. मला त्याचा कोण अभिमान वाटायचा!

धाकटी म्हणजे वारं प्यायलेलं वासरू. माझ्या खिशात पेन्सिलीचे तुकडे, गोट्या, अर्धी चघळून ठेवलेली चिकट गोळी, काय वाटेल ते असायचं. थोरली अबोल. तिच्या वाटचंही धाकटीच बोलून टाकायची. दुकानदाराने काही विचारलं की, "तिलापण हेच हवंय," असं परस्पर सांगून मोकळी. रस्ता ओलांडताना थोरली माझी बाही मुठीत घट्ट धरायची. ती पकड मला आवडायची.

मग एका हिवाळ्यात धाकटीला ताप आला आणि तो उतरेचना. दवाखान्यात नेताना आईने तिला माझ्यातच गुंडाळलं. तिच्या अंगाचा चटका माझ्या अस्तराला बसत होता. तिथे मला काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलं. नर्स येत होत्या, जात होत्या. एकदा सगळ्याजणी एकदम धावत आल्या. कुणाचं तरी कोपर लागून मी खाली पडलो आणि मला कुणी उचललंच नाही. तेव्हाच मी समजलो.

घरी परतताना मी बाबांच्या हातावर होतो. माझ्यात कुणीच नव्हतं.

आईने मला झटकलं नाही, धुतलं नाही. तशीच घडी घातली, ट्रंकेच्या तळाशी ठेवलं, डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि कडी लावली. त्या काळोखात मी कान टवकारून असायचो. कसर लागली तर? माझी आठवणच कुणाला राहिली नाही तर? बाहेरून आईचा आवाज यायचा, बाबांचा यायचा. थोरलीचा कधीच नाही. मला वाटायचं, तीही गेली की काय?

आणि एक दिवस तिचा आवाज आला. ती फोनवर बोलत होती. "आजोबा, मी थोरली. बरी आहे." जरा वेळ गेला आणि मग मोठ्याने, हसत हसत, "आजोबा, मी धाकटी! मीपण मजेत!"

माझ्या लोकरीवर काटा उभा राहिला. तो आवाज हुबेहूब धाकटीचा होता.

हे आजोबा म्हणजे आईचे वडील, तिचे अप्पा. ते तळ्यापलीकडच्या गावात राहायचे. धाकटी गेली त्याच सुमारास त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. यांना कसलाही धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून आईने त्यांना काही सांगितलंच नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता ते राहूनच गेलं आणि फोनवर थोरली दोघींचं बोलू लागली. आता मात्र आजोबांनी हट्ट धरला होता. नातींना एकदा डोळे भरून बघायचं.

ट्रंकेची कडी वाजली. डोळ्यांत उजेड घुसला. आईने मला बाहेर काढलं.

"हे बरं नाही," दारात उभे असलेले बाबा म्हणाले. "पोरीला काय करायला लावतेस तू?"

"अहो, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. अप्पांची नजर अधू झालीय. एकदा साधी कॉलर दिसली, एकदा हिरवी दिसली, की झालं."

"आणि हिचं काय?"

"अप्पांना काही झालं तर मी काय करू? आणखी एक माणूस जाऊ देऊ माझ्या हातून?"

बाबा दारातून बाजूला झाले. थोरली तिथेच उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

बाबांना रजा मिळाली नाही. आई आणि थोरली अशा दोघीच निघाल्या. सवय व्हावी म्हणून आईने प्रवासात मलाच तिच्या अंगात घातलं. तिचा स्वतःचा कोट पिशवीत होता. ती वाढली होती. तिचा कोट आईने वेळोवेळी सैल केला होता, मी मात्र ट्रंकेत होतो तेवढाच राहिलो होतो. मी तिला काखेत काचत होतो. बसमध्ये आई तिला पढवत होती, "आत येताना धावत ये. जोरात हस. एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू कर." थोरली मान हलवत होती आणि खिडकीच्या काचेत बघून हसण्याचा सराव करत होती.

बस एका थांब्यावर थांबली. थोरली पाय मोकळे करायला उतरली. जरा वेळाने आईने पायरीवरून हाक मारली, "धाकटे, चल गं, गाडी सुटेल!"

चुकून तोंडून निघून गेलं असेल. पण थोरली गर्रकन वळली आणि धाकटीच्या आवाजात म्हणाली, "आले आले!"

आईच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. धाकटी गेल्यापासून ते हसू कुणी पाहिलं नव्हतं. क्षणभरच होतं, पण थोरलीने ते पाहिलं. माझ्या आत तिचं काळीज धाडधाड उडायला लागलं.

मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच भीती वाटली. वाटलं, ही मुलगी आता मला काढायचीच नाही. आईला हसवण्यासाठी जन्मभर मला अंगात घालून बसेल आणि थोरली नावाची मुलगी कुणाला पत्ता न लागता पुसली जाईल. मी काय करणार? मी पडलो कोट. मी फक्त काचत राहिलो.

तळ्यावर धुकं उतरलं होतं. लाँच निघाली तसा मागचा काठ दिसेनासा झाला आणि पुढचा दिसेचना. लाँचवाला गप्पिष्ट होता. त्याने विचारलं, "काय गं पोरी, नाव काय तुझं?"

थोरलीने तोंड उघडलं. तिने आईकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं.

"विसरलीस होय? तळ्यात पडलं की काय?" तो म्हणाला आणि आजूबाजूची माणसं हसली.

थोरलीने मान खाली घातली आणि माझ्या कॉलरमध्ये पुटपुटली, "मला खरंच कळत नाहीये, काय सांगू." ते फक्त मी ऐकलं.

आजोबांची खोली लहानशी होती. खिडकीला लागून खाट, स्टुलावर औषधांच्या बाटल्या, उशाशी हाक मारायला घंटी. त्यांची देखभाल करायला ठेवलेल्या मावशीला सगळं ठाऊक होतं. आधी थोरली आपल्या साध्या कोटात आत गेली. मी दाराबाहेर पिशवीत होतो. आजोबांनी तिला जवळ घेतलं आणि विचारलं, "धाकटी कुठंय?"

"मावशीबरोबर दुकानात गेलीय. येईलच," आई म्हणाली.

थोड्या वेळाने थोरली बाहेर आली. मावशीने तिचा कोट उतरवून मला चढवलं. घाईघाईत तिने बटणं वरखाली लावली. थोरली धावत आत गेली आणि जोरात हसली. हसू अगदी धाकटीचं होतं. मला ते ऐकवेना.

आजोबांनी हात पुढे करून माझी कॉलर चाचपली. मखमलीवरून पुन्हा पुन्हा बोटं फिरवली. मग म्हणाले, "आणि थोरली कुठे गेली?"

"ती... बाहेर आहे. दमलीय अप्पा."

"बोलव तिला."

"येईल हो नंतर."

"नंतर नाही. आत्ता." आजोबांचा आवाज चढला. "ती पोर बोलत नाही, म्हणून सगळे तिला विसरतात. मी नाही विसरत. माझी थोरली आण मला."

थोरलीने माझ्या बटणाला हात घातला. ते निघेना. तिने हिसका दिला. दोरा तुटला आणि बटण टणटणत खाटेखाली गेलं. तिने मला अंगावरून ओरबाडून जमिनीवर टाकलं.

"आजोबा, मीच थोरली आहे. मघाशीपण मीच होते. धाकटी नाहीये आता. ती दवाखान्यातच गेली."

आजोबांचा हात छातीवर गेला. ओठ पांढरेफटक पडले. "मावशी, गोळी! गोळी कुठंय?" आई किंचाळली. बाटली हातातून निसटली, गोळ्या माझ्यावर सांडल्या. मावशीने धावत येऊन त्यातली एक उचलून त्यांच्या जिभेखाली सरकवली. मी जमिनीवरून त्यांचा श्वास ऐकत होतो. एक आत गेला, आणि पुढचा येईचना. थोरली भिंतीला चिकटून उभी होती. "मी मारलं का त्यांना? आई, मी मारलं का गं?"

मग घरघरत श्वास आला. पाठोपाठ दुसरा. आजोबांनी बोटाने खूण केली. "इकडे ये."

ती गेली. त्यांनी तिचा हात धरला.

"मला कळलं होतं गं," ते थांबत थांबत म्हणाले. "पूर्वी फोनवर तुम्ही भांडायचात. एकीचं वाक्य दुसरी तोडायची, फोन हिसकवायची. आणि मग एकाएकी दोघी शहाण्यासारख्या पाळीपाळीने बोलायला लागलात. तेव्हाच मी काय ते समजलो."

"मग विचारलं का नाही अप्पा?" आई म्हणाली.

"भ्यालो. विचारलं असतं, तर तू खरं सांगितलं असतंस."

आई खाटेला टेकून खाली बसली आणि हंबरडा फोडून रडली. दवाखान्यातही ती अशी रडली नव्हती. थोरली आधी घाबरली, मग तिला बिलगून बसली. आजोबा म्हणाले, "आता सांग. ताप कसा आला, ती काय म्हणत होती, सगळं सांग. मला तिचं काहीच मिळालं नाही."

आई सांगत गेली. मध्येच थोरली म्हणाली, "नाही आई, असं नव्हतं," आणि पुढचं तिने सांगितलं. संध्याकाळ होईपर्यंत ती बोलत होती. इतकं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

परतीच्या लाँचवर थोरलीच्या अंगात तिचा स्वतःचा कोट होता. मी आईच्या हातावर होतो, एक बटण कमी असलेला. पुढच्या हिवाळ्यात आजोबा गेले. झोपेतच गेले. मधल्या काळात थोरली त्यांना रोज फोन करायची, एकाच आवाजात.

मला परत ट्रंकेत कोंडलं नाही. आई मला उन्हात घालते, ब्रश फिरवते. कधीमधी घरात कुणी नसताना माझ्या कॉलरमध्ये तोंड खुपसून हळूच म्हणते, "धाकटे." त्याने कुणाचं काही बिघडत नाही. ती हाक मी झेलतो. ते माझं काम आहे, मुलीचं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखाद्या गेलेल्या माणसाचा चष्मा असेल, चप्पल असेल, माझ्यासारखा कोट असेल. त्याला अंधारात डांबून ठेवू नका. आम्हालाही काळोखाचं भय वाटतं. झटका, ऊन दाखवा, उसवलं तर टाका घाला. पण त्याआधी घरात जे मूल गप्प उभं आहे, त्याच्याकडे बघा आणि त्याला त्याच्याच नावाने हाक मारा. आम्ही खुंटीवर कितीही वाट बघू. मुलांना तेवढं थांबता येत नाही. फार दिवस कुणी हाक मारली नाही, तर ती ओ द्यायचं विसरतात.