एकेचाळीसावी मुलाखत

श्रावस्तीच्या मुलाखती आठ-दहा मिनिटांत आटपायच्या. फरहानाच्या मात्र तासभर चालायच्या.

श्रावस्ती तेर गावची. वडील बुद्धघोष एसटीत कंडक्टर. शाळेपासून तिला पहिल्या नंबराची सवय, आणि आता पुण्याला आरोग्य अर्थशास्त्रात पीएच.डी. करणारी वस्तीतली ती पहिलीच. सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट होत असताना बायका खाजगीत का जातात, हा तिचा विषय. बेंबळीच्या आसपास नव्वद मुलाखती घ्यायच्या होत्या. एकटीला झेपेना म्हणून तिनं बेंबळीच्याच फरहानाला मदतीला घेतलं. फरहाना बी.ए. झालेली, दोन लेकरांची आई. नवरा मुनवर स्टँडसमोर पंक्चर काढायचा.

श्रावस्तीनं विचारलं की बायका पदर सावरून म्हणायच्या, "तिथं सोय चांगली हाय." बस्स, एवढंच. फरहाना जाईल तिथं शेंगा फोडायला बसायची, कुणाचं तान्हं मांडीवर घ्यायची आणि बोलणं आपोआप सुरू व्हायचं. संध्याकाळी ते रेकॉर्डिंग ऐकून उतरवून काढताना श्रावस्ती एकेक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकायची. इतकी वर्षं अभ्यास केला कुणी, आणि बायका बोलतात कुणाशी!

एकेचाळीसावी मुलाखत करिश्माची होती. फरहानानंच घेतलेली. करिश्माची पहिली मुलगी सरकारी दवाखान्यात झाली, सगळं सुखरूप. तरी दुसऱ्या वेळी ती खाजगीसाठी हटून बसली होती. का, तर तिच्या जावेला खाजगीत नेलं होतं. "तिला गाडी करून नेलं आन् मला सरकारीत," करिश्मा म्हणाली होती. "तिच्या पोराला बघाया समदा गाव आला. माझ्या पोरीला कोण आलं? मंग म्या म्हणलं, आता मरंन पर तिथंच जाईन."

श्रावस्तीनं तो मजकूर पुण्याला तिचे मार्गदर्शक कुमार सरांना पाठवला. तासाभरात सरांचा फोन.

"आपल्या फॉर्ममध्ये हे कुठंच नव्हतं! खर्च विचारला, अंतर विचारलं, पण घरातली दुसरी सून आपण धरलीच नाही. कुणी घेतली ही मुलाखत?"

"मीच, सर," श्रावस्ती म्हणाली. जीभ तिच्याही आधी बोलून गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं फरहानाला सांगितलं, "उद्यापासून तू नुसते फॉर्म भर. मुलाखती मी घेते."

"माझं काय चुकलं का, ताई?"

"चुकलं काही नाही. सगळ्या मुलाखती एकसारख्या व्हाव्यात म्हणून."

फरहानानं फॉर्मचा गठ्ठा उचलला.

तो आठवडा कोरडाच गेला. हरणाबाई नावाच्या एका सासूनं तर दारातच विचारलं, "आन् मुनवरची बायको कुठाय? तिला येऊ द्या की. सुनंला तुमच्याम्होरं बोलाया लाज वाटती."

शनिवारी सरांचा निरोप आला: करिश्माचं मूळ रेकॉर्डिंग पाठव, तिच्या आवाजात ऐकायचंय.

श्रावस्तीनं निरोप दोनदा वाचला. रेकॉर्डिंगमध्ये आवाज फरहानाचा. फाइल उडाली म्हणावं का? खोलीचं दार लावून तिनं ते पुन्हा ऐकलं, आणि या वेळी ती चूक शोधत होती. चूक सापडली, उतरवताना गाळलेल्या फरहानाच्या बोलण्यात. सुरुवातीलाच फरहाना हसत म्हणत होती, "माझ्या सासूनं थोरल्या जावेला डिंकाचे लाडू केले आन् मला नुसते मेथीचे. बारा वर्षं झाली, म्या अजून विसरले न्हाय." करिश्मा खळखळून हसली होती, आणि मगच जावेचं निघालं होतं.

स्वतःचं काही सांगायचं नाही, उत्तर सुचवायचं नाही, हा पहिला नियम. श्रावस्तीला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. तरी तिनं लिहिलं: 'मुलाखत माझ्या मदतनिसानं घेतली आहे. नियम मोडला आहे. ही वगळावी.' आणि पाठवून दिलं.

सरांचा फोन आला तेव्हा आवाज थंड होता. "नियम मोडला, हे खरं. पण तू तर म्हणाली होतीस, मीच घेतली."

"सर, मी..." श्रावस्तीनं सुरुवात केली.

"तुझ्या नावावर होती तोवर ही मुलाखत चांगली होती; तिच्या नावावर जायची म्हटल्यावर तुला नको झाली. असंच ना? आधी तिला सांग. मग माझ्याशी बोल."

ती चालत फरहानाच्या घरी गेली. उंबऱ्यात उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फरहानानं तिला आत बोलावलं नाही.

"माझं नाव घ्यायला तुमचं काय जात होतं, ताई? एक शब्द."

"मला तुझा हेवा वाटला."

"माझा?" फरहानाला हसूसुद्धा आलं नाही. "म्या तुमची पुस्तकं बघून जळते, आन् तुम्ही माझ्यावर? राहिलेल्या मुलाखती म्या करीन. पर माझ्या मुलाखतीवर माझं नाव पायजे. छापतानाबी."

"लिहीन."

फॉर्ममध्ये एक नवा प्रश्न वाढला: घरातल्या दुसऱ्या सुनेचं बाळंतपण कुठं झालं? हा प्रश्न श्रावस्तीनं एका दमात लिहिला, खाडाखोड न करता. उरलेल्या घरांत फरहाना आत बसायची आणि श्रावस्ती ओट्यावर बसून फॉर्म भरायची. आतून हसणं ऐकू आलं की पेन थांबायचं, मग पुन्हा चालायचं.

पुढच्या वर्षी प्रबंध झाला. जावांवरचं प्रकरण परीक्षकांना सगळ्यात आवडलं. मुलाखतकार म्हणून फरहानाचं नाव त्यात छापलेलं होतं. त्याच महिन्यात कुमार सरांनी फरहानाला त्यांच्या नव्या पाहणीसाठी बोलावलं, पूर्ण पगारावर. ते सांगायला ती पेढे घेऊन तेरला आली.

"अभिनंदन," श्रावस्ती म्हणाली, आणि पेढा तोंडात घातला. गोड लागला. पण दुसरा तिनं नुसता हातात धरून ठेवला.