तिसऱ्या खड्ड्याचं दार

बळवंत राऊत जाऊन पाच महिने झाले, तरी कोळशाच्या डेपोतले गाळाचे खड्डे बघायला त्यांच्या जागी कोणी आलं नव्हतं. त्यामुळे तिथेच ऑफिसात कागद सांभाळणारी त्यांची मुलगी हेमांगी सकाळी आधी खड्ड्यांवर फेरी मारी, मग खुर्चीत बसे.

खड्डे तीन, डेपोच्या उतारावर. ढिगाऱ्यांवरून वाहत आलेलं काळं पाणी पहिल्यात पडे, तिथे जाड गाळ बसे, दुसऱ्यात बारीक. तिसऱ्यातलं पाणी इतकं निवळे की त्यात आभाळ दिसे. ते पंपाने उपसून ढिगाऱ्यांवरच शिंपडायचं, बाहेर जाऊ द्यायचं नाही, असा नियम. तिसऱ्या खड्ड्याच्या तळाशी एक लोखंडी दार मात्र होतं, कधीकाळी सफाईसाठी बसवलेलं. त्या दाराच्या खालच्या अंगाला बुधाचं भाताचं खाचर.

ऑगस्टच्या मध्यावर पावसाने ओढ दिली. दहाव्या कोरड्या दिवशी बुधा तेलाचा डबा आणि पहार घेऊन कुंपणाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, दार सोडवायला आलोय.

हेमांगीला काही कळेना, तेव्हा त्याने बांधावर बसून सगळं सांगितलं. पाऊस थांबला की बळवंतभाऊ ते दार चार बोटं उचलून द्यायचे. सहा वर्षं पाणी दिलं. हेमांगीला यात नवल वाटलं नाही. बाबा एडवणच्या वाडीत वाढलेले. शेजाऱ्याची केळ सुकत असताना आपल्या विहिरीचा पाट अडवून धरणारा माणूस तिथे लग्नाच्या पंगतीतसुद्धा एकटा बसे. पण गेल्या साली, बुधा सांगत होता, भाऊ म्हणाले की दार गंजलं, हलत नाही.

"माडावर सरसर चढनारा मानूस, दाराला भ्याला," बुधा हसला. "मी बोललो, तेल घालू. तर नको, मोडंल. आता तू हो बाजूला, बाय."

"थांबा, आधी मी बघते."

तिने दांड्याला हात घातला. दार एका हाताने उचललं गेलं. खालून पाणी सुटलं, आधी काळं, मग स्वच्छ. तिने ते घाईने दाबून बसवलं आणि हात दांड्यावरच राहिला.

खड्ड्यातल्या पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल दर जुलैत यायचा, इंग्रजीत. बाबा कोपऱ्यात सही करायचे, ती तारीख बघून फाइलीत लावायची. गेल्या वर्षीच्या जुलैत मात्र जेवताना तिने सहज त्यांना मराठीत सांगितला. पाणी दिसतं स्वच्छ, पण आंबट आहे, पिकाला चालायचं नाही. त्यातली पूड जमिनीवर थर धरते. बाबांनी ताट सारलं. पोट बरं नाही म्हणाले. तिने त्यांना ओवा दिला होता.

खाली खाचराचा दाराकडचा कोपरा तिला आता नीट दिसला. तिथलं भात वीतभरही वाढलं नव्हतं, आणि रोपांमधली माती तव्यासारखी काळी होती.

दार मोडायला आलंय, एवढं म्हणून भागलं असतं. बुधाने मानलं असतं. त्याच्या मनात बाबा जसे होते तसेच राहिले असते.

"दार गंजलेलं नाही, बुधाकाका," ती म्हणाली. "बाबा खोटं बोलले." आणि मग न थांबता उरलेलं सांगितलं, अहवाल, ताट, पूड, सगळं.

बुधाने डबा खाली ठेवला.

"तीन सालं दाना पोचट येतो," तो म्हणाला. "घरवाली बुधी बोलली, बी खराब हाय. दोनदा बी बदललं." मग विचारलं, "त्याला आधी ठाव नव्हतं?"

"नव्हतं. कागद माझ्या हातात होते. तोवर मी वाचले नव्हते."

"आन कळल्यावर? दिवाळीला माज्या घरी भाकर खाऊन गेला तो. तवा तरी बोलायचं."

हे पाणी घेतलं तर पुढची सालंही जातील, एवढंच ती म्हणाली. न घेतलं तर हे साल जातंय, बुधा म्हणाला, रागाने नाही.

तो उठला. "चल. बुधीला तू सांग. भाऊ गेला तवा दोन दिस चूल नाय पेटवली तिनं. माज्यानं नाय व्हनार."

ऑफिस उघडायची वेळ झाली होती. हेमांगी त्याच्यामागून बांधावरून चालत गेली.

तिला बघून बुधीने पदराने ओटा पुसला, बस म्हणाली, आणि बळवंतभाऊंची पोर आली म्हणून चहाचं आधण ठेवायला वळली.

"काकी, चहा नको," हेमांगी उभ्यानेच म्हणाली. "आधी ऐका."