परतीचा चढ

मित्रांनो, या इमारतीच्या जिन्याखाली एक निळी सायकल टेकवलेली दिसेल. हँडलला जुन्या कापडी पिशवीचा बंद अजून गुंडाळलेला आहे. ती मी. मला जुनी म्हणा, माझी हरकत नाही. वय कोणाला चुकले आहे? पण मला कोणी 'जड' म्हटले की अजूनही माझ्या जिवाला लागते. त्या एका शब्दापायी मी फार भोगले आहे, आणि तो शब्द खोटा होता. तेवढे एकदा तुमच्या कानावर घालावे म्हणून आज तोंड उघडले आहे.

माझा जन्म कारखान्यातला. नळ्या कापल्या, सांधल्या, वर निळा रंग चढवला आणि भट्टीत भाजून पक्का केला. मग दुकानात बरेच दिवस मी छताला टांगलेली होते. एके दिवशी एक टपाल वाटणारे गृहस्थ आले. जन्मभर लोकांच्या दारापर्यंत चालत गेलेला माणूस तो, त्याला चाक काय आणि रस्ता काय हे मी सांगायला नको. त्यांनी मला एका हाताने उचलले, खाली ठेवले आणि म्हणाले, "हलकी आहे. पोरीला झेपेल." हे वाक्य ध्यानात ठेवा. माझ्या सगळ्या आयुष्यात मला मिळालेले तेच एक प्रशस्तिपत्र आहे.

त्यांची पोर म्हणजे माझी ताई. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमला बसवायचे काम करायची. दिवसभर यंत्रापुढे उभे राहायचे, काचेची कड बोटाने चाचपायची, जरा कमी, जरा जास्त. संध्याकाळी तिचे पाय भरून यायचे. पण माझ्यावर बसली की गाणे गुणगुणत घरी यायची. वडील तिला नेहमी सांगायचे, "घर बघायला जाशील तेव्हा भिंती नंतर बघ, आधी रस्ता बघ. भिंतीला रंग देता येतो, रस्त्याला देता येत नाही."

लग्न झाले आणि ताईबरोबर मीही सासरी गेले. मी माहेरची असल्यामुळे तिच्या नवऱ्याला मनातल्या मनात जावईबापूच म्हणत आले. जावईबापू पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नकाशे काढायचे. कुठल्या टाकीतून कुठल्या गल्लीत नळ न्यायचा, पाणी कुठून कसे उतरेल, हेच त्यांचे पोटापाण्याचे काम. चढ-उतार कागदावर बघूनच त्यांना कळायचे. हेही ध्यानात ठेवा.

दोघे थोरल्या दिरांच्या घरी राहत होते. तिथे जागा अपुरी पडू लागली, तेव्हा भाड्याचे घर बघायचे ठरले. ताईचे दुकान खालच्या बाजारपेठेत आणि जावईबापूंचे कार्यालय टेकडीवर, पाण्याच्या मोठ्या टाकीशेजारी. एकाला जवळ ते दुसऱ्याला लांब. त्यावर जावईबापूंनी एक युक्ती काढली. म्हणाले, "स्वतःच्या रस्त्याबद्दल माणूस स्वतःला फसवतो. घर आवडलं की लांबचंही जवळ वाटायला लागतं. म्हणून असं करू, तुझा रस्ता मी तपासतो, माझा तू तपास. ज्याने रस्ता तपासला, त्याचा शब्द अखेरचा."

ताईला ही गोष्ट इतकी आवडली की तिने दुकानात सगळ्यांना सांगितली. खरे सांगू, मलाही आवडली. प्रत्येक घरापासून बाजारपेठेपर्यंत जावईबापू मला चालवत न्यायचे आणि परत आणायचे. त्यांचे पाय लांब, म्हणून आधी माझी सीट वर करायचे आणि काम झाले की आठवणीने ताईच्या उंचीला आणून ठेवायचे. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही, असे मला वाटायचे.

ताईनेही आपली बाजू चोख सांभाळली. बाजारपेठेपासून जवळच एक घर होते. त्याला पूर्वेची मोठी खिडकी होती. दिवसभर दिव्याखाली डोळे शिणवणाऱ्या ताईला त्या खिडकीने वेड लावले. तरीही ती जावईबापूंच्या वेळेला निघाली, त्यांच्या बसमध्ये उभी राहिली, उतरून टेकडी चढली आणि परत येऊन म्हणाली, "ते घर नको. बस टेकडीच्या पायथ्याशीच सोडते. रोज एवढं चढून गेलात तर ऑफिसला पोचेपर्यंत घामाघूम व्हाल." जावईबापू म्हणाले, "अगं, पण खिडकी?" ती हसून म्हणाली, "खिडकी काय, पुन्हा कुठेतरी मिळेल." मी तेव्हा दारातच उभी होते. तिचा चेहरा किती उतरला होता ते मी पाहिले आहे.

मग टेकडीवरचे घर आले. टाकीच्या अगदी खाली. जावईबापूंनी घरातून शिंक दिली तर कार्यालयात ऐकू जावी इतके जवळ. ताईचा रस्ता तपासायला ते मला घेऊन निघाले. सकाळची वेळ, गार वारा. घराच्या फाटकातून जे सुटलो ते थेट बाजारपेठेच्या चौकात. पायडल मारायची गरज नाही, नुसते ब्रेक धरायचे. मीही हुरळून गेले होते, खोटे कशाला बोलू?

चौकात ते उतरले. मागे वळून टेकडीकडे बघत बराच वेळ उभे राहिले. मला वाटले, आता दमादमाने चढायचे. पण त्यांनी एक टेम्पो थांबवला, मला गाद्यांच्या गठ्ठ्यांमध्ये आडवी टाकली आणि स्वतः पुढे बसले. टेम्पो पहिल्या गिअरमध्ये कण्हत वर आला. फाटकाच्या अलीकडेच मला उतरवून घेतले. सीट खाली केली. नेहमीसारखी, आठवणीने.

घरी ताईने विचारले, "कसा आहे रस्ता?"

"एकदम मस्त. पायडलसुद्धा मारावं लागलं नाही."

"आणि येताना?"

"येताना काय, रस्ता तोच."

ताईने पुढे काही विचारले नाही. कशाला विचारील? ठरलेच होते, ज्याने रस्ता तपासला त्याचा शब्द अखेरचा. मला वाचा असती तर मी त्या क्षणी घंटा वाजवून घर डोक्यावर घेतले असते.

राहायला गेल्यावर पहिल्याच सकाळी ताई वाऱ्यासारखी खाली उतरली. दुकानात म्हणाली, "आमच्या ह्यांनी सोन्यासारखा रस्ता शोधलाय." आणि संध्याकाळी, दिवसभर उभे राहिलेले पाय घेऊन, ती परत निघाली. पहिल्या वळणावर ती उतरली. दुसऱ्या वळणावर थांबली. पुढे मला ढकलत, ओठ घट्ट मिटून, दारापर्यंत आली आणि पायरीवरच बसली.

"मला जमलंच नाही," ती म्हणाली. "तुम्ही कसे आलात?"

जावईबापूंनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "ही सायकलच जड आहे गं. जुनी झाली आता. आणि तुला सवय होईल."

मित्रांनो, वाईट याचे वाटले की ताईने ते खरे मानले. थोडे दिवस तिने स्वतःच्या पायांना दोष दिला, मग मला. "माझी सायकल जडच आहे," असे ती शेजारणीला सांगत होती, आणि मी ऐकत होते. जिला ताईच्या वडिलांनी एका हाताने उचलले होते, ती मी! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

ताई दोन बस बदलून जाऊ लागली. घरी यायला अंधार पडू लागला. तिचे गुणगुणणे केव्हा थांबले ते तिलाही कळले नसेल. मी जिन्याखाली आले. माझ्या दांडीवर ओली पायपुसणी वाळत पडू लागली, साखळीवर गंज चढला, टायर बसले. जावईबापू घाईघाईने माझ्या शेजारून जात, पण माझ्याकडे कधी बघत नसत. एकदा म्हणाले, "ही भंगारात देऊन टाकू या का?" ताई म्हणाली, "द्या. नाहीतरी तिचा काय उपयोग?" त्या वाक्याने मला जे झाले ते गंजाने झाले नाही.

भंगारवाला यायच्या आधी मात्र दुसरेच कोणी आले. थोरल्या दिरांच्या घरी राहिलेले ताईचे कपाट घेऊन एक टेम्पो दाराशी लागला. टेम्पोवाल्या काकांनी कपाट जिन्याशी टेकवले, घाम पुसला आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

"अरेच्चा, ही निळी इथेच आहे होय? हिला मीच वर आणली होती."

"सामानाबरोबर?" ताईने विचारले. "तेव्हा तर दुसरा टेम्पो होता."

"सामान नाही हो, त्याच्या आधी. साहेब खाली चौकात हिला धरून उभे होते. घर बघायला चाललोय म्हणाले. मला म्हणाले, हा चढ काही सायकलचा नव्हे, घ्या वर. मी म्हटलं, खरंय, माझा टेम्पोही इथे रडतो."

ताईने काकांना पाणी दिले. ते पाणी पिईपर्यंत ती माझ्या सीटवर हात ठेवून उभी होती. काका गेल्यावर तिने पायपुसणी बाजूला केली, माझ्या दांडीखाली हात घातला आणि मला उचलले. एका हाताने. मग हळूच खाली ठेवले, आणि तिथेच जिन्यात बसून ती रडली. मला वाटते, त्यातले थोडे रडणे माझ्यासाठीही होते.

जावईबापूंना ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने माझ्यात हवा भरून घेतली, साखळीला तेल घातले आणि मला उतारावरून दुकानात नेले. दुपारी त्यांना फोन केला, "सुटल्यावर दुकानाशी याल? सायकल वर न्यायची आहे. माझे पाय दुखतायत."

ते आले. "भंगारात द्यायची होती ना?" त्यांनी विचारले. ताई म्हणाली, "चला तर." जावईबापू माझ्यावर बसले, ताई शेजारून चालू लागली. पहिल्या वळणाच्या आतच ते उतरले. दुसऱ्या वळणावर त्यांचा शर्ट पाठीला चिकटला. तिसऱ्या वळणावर ते मला धरून वाकले, आणि धापा टाकता टाकता सवयीने बोलून गेले, "एखादा टेम्पो मिळतो का बघू?"

"बघा की," ताई म्हणाली. "कुठे मिळतो ते तुम्हाला माहीत आहे."

हँडलवरची त्यांची पकड एकदम सैल झाली. त्यांनी मला रस्त्याच्या कडेला घेतले.

"मी खोटं काही बोललो नव्हतो," ते म्हणाले.

"नव्हतात बोलला. म्हणून तर इतके दिवस मी सायकलला दोष दिला."

"घर चांगलं होतं. मला वाटलं, होईल सवय तुला."

"'मला ऑफिसजवळ घर हवंय', एवढं म्हणाला असतात, तर मी आले असते हो. कुरकुरले असते, पण चढले असते. तुमची टेकडी मी आधी चढून बघितली होती, तुमच्यासाठी. माझा रस्ता मी तुमच्या पायांवर सोपवला होता, आणि तुम्ही टेम्पोत बसलात."

तिने माझे हँडल त्यांच्या हातातून काढून घेतले आणि उरलेला चढ मला स्वतः ढकलत नेले. ते मागून येत होते. मी हलकी होते हो, अगदी हलकी.

पुढे ताईने बाजारपेठेजवळ, सपाटीवर हे घर घेतले. पूर्वेची खिडकी काही मिळाली नाही. ती जागा केव्हाच दुसऱ्या कोणाला गेली होती. सामान हलवायच्या दिवशी जावईबापू मला टेम्पोत चढवू लागले, तर ती म्हणाली, "ती टेम्पोतून येणार नाही." मी तिच्याबरोबर रस्त्याने आले. आता मी पुन्हा रोज दुकानात जाते आणि रोज परत येते.

मुलांनो, तुम्ही मोठे झालात की घर बघायला जाल. एखाद्या दिवशी कोणी आपला रस्ता तुमच्यावर सोपवील. तेव्हा जाण्याबरोबर येणेही तपासा, संध्याकाळी, थकलेल्या पायांनी. नसेल जमत तर तसे तोंडावर सांगा. आणि आपल्या सायकलीच्या साखळीला अधूनमधून तेल घाला. बोलता येत नाही म्हणून तिच्या माथी काहीही मारू नका.

जावईबापू आता टेकडीवर जायला बसने जातात. वाईट माणूस नाही तो. कधी कधी स्वतःच माझी साखळी पुसतो. संध्याकाळी घामेजून घरी येतो, तेव्हा ताई त्याला चहा देते, जेवायला वाढते, दिवसभराचे बोलते. फक्त, एके काळी त्याच्यासाठी टेकडी चढून बघणारी ताई, येताना बसला गर्दी होती का, हे आता विचारत नाही.